खरी ख्रिस्तसभा कोणती? आधी बाप्तिस्म्याचं बोलू

येशूने सभा एकच स्थापन केली आणि आज तिच्या नावाच्या पाट्या मात्र गल्लोगल्ली वेगवेगळ्या आहेत. मग खरी कोणती? हा वाद आपल्याकडे ठरलेल्या वाटेने जातो. कॅथोलिक माणूस मत्तयच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय काढतो: किल्ल्या पेत्राला दिल्या. समोरचा प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय काढतो: आधी पश्चात्ताप, मग बाप्तिस्मा. पहिला म्हणतो, संत आयरेनियस यांनी इ. स. १८०च्या सुमारास रोमच्या बिशपांची यादी ओळीने दिली आहे, तुमची यादी दाखवा. दुसरा म्हणतो, यादी असेल हो, पण तुमच्यात जिवंतपणा कुठे आहे? चहा संपतो, वाद तसाच राहतो.

मी कॅथोलिक आहे आणि ती यादी मला महत्त्वाची वाटते. इ. स. ११०च्या आसपास अंत्युखियाचे बिशप इग्नेशियस हे स्मुर्णा गावच्या लोकांना पत्र लिहितात आणि त्यात ‘कॅथोलिक सभा’ हे शब्द येतात, हेही मला महत्त्वाचं वाटतं. पण नुसती वंशावळ दाखवून कोणी खरा ठरत नाही. वंशावळीबरोबर वागणूकही बघावी लागते. माझं म्हणणं असं की सुरुवातीच्या शतकांत खऱ्या ख्रिस्तसभेची एक अगदी व्यवहारातली खूण ठरली आणि ती आपण विसरलो. ती खूण म्हणजे: खरी ख्रिस्तसभा दुसऱ्याने दिलेला बाप्तिस्मा पुसून टाकत नाही.

हा विषय पुस्तकातला नाही. आपल्या वयाची कितीतरी मुलं-मुली नव्या प्रार्थना-मंडळांत जातात. गाणी छान असतात, लोक प्रेमाने विचारपूस करतात, बायबलचं वाचन आपल्याहून जास्त होतं. काही महिन्यांनी त्यांतल्या काही ठिकाणी सांगितलं जातं, “लहानपणी डोक्यावर पाणी ओतलं, तो काही बाप्तिस्मा नव्हे. आता नदीवर चल, खरा घे.” मुलगा किंवा मुलगी हे घरी येऊन सांगते. आईच्या लक्षात येतं की तिने तान्ह्या लेकराला पांढऱ्या कपड्यात देवळात नेलं, त्याचा हिशेब कोणीतरी शून्य धरला आहे. आणि आपल्या बाजूलाही हात स्वच्छ नाहीत. “ते कसले ख्रिस्ती? कोणीही उठतो आणि पास्टर होतो!” हे वाक्य मिस्सा संपल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर सहज ऐकू येतं.

हाच प्रश्न उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात जवळजवळ पावणेअठराशे वर्षांपूर्वी उभा राहिला. इ. स. २५०मध्ये सम्राट डेशियसने हुकूम काढला की सर्वांनी रोमन देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा. पुष्कळ ख्रिस्ती घाबरले, त्यांनी दाखले घेतले. छळ थांबल्यावर तेच लोक रडत परत आले. त्यांना आत घ्यायचं की नाही? रोममधल्या नोव्हेशियन नावाच्या विद्वान धर्मगुरूचं मत होतं की नाही, ख्रिस्तसभा शुद्धच राहिली पाहिजे. २५१ साली तो स्वतःच दुसरा बिशप होऊन बसला. त्याच्याकडे जाणाऱ्या कॅथोलिकांना तो पुन्हा बाप्तिस्मा देई.

पुढे त्याच्या गटातले काही जण परत यायला लागले. त्यांतल्या काहींचा बाप्तिस्मा मुळात नोव्हेशियनच्याच हातून झालेला. कार्थेजचे बिशप संत सिप्रियन म्हणाले, ख्रिस्तसभेबाहेर पवित्र आत्माच नाही, मग बाहेर दिलेला बाप्तिस्मा कसला? आत येताना खरा घ्यावा लागेल. रोमचे बिशप पोप स्टीफन म्हणाले, नाही. बाप्तिस्मा झालेला आहे. जुन्या रिवाजाप्रमाणे फक्त डोक्यावर हात ठेवून त्यांना सामावून घ्या. २५६च्या सप्टेंबरमध्ये कार्थेजला परिषद भरली. ८७ बिशपांची मतं नोंदली गेली आणि सगळी सिप्रियनांच्या बाजूची.

म्हणजे मतमोजणीत सिप्रियन जिंकले. ते साधे गृहस्थ नव्हते. दोन वर्षांनी, २५८मध्ये त्यांनी ख्रिस्तासाठी मान दिली. तरीही पश्चिमेकडच्या ख्रिस्तसभेने पुढे नियम मान्य केला तो स्टीफन यांचा. ३१४ साली आर्ल इथल्या परिषदेने ठरवलं की पाखंडी गटातून आलेल्याला त्याचा विश्वास विचारा; पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा झाला असेल तर फक्त हात ठेवा. सरसकट सगळंच चालेल असा याचा अर्थ नव्हता. ३२५च्या निकीया परिषदेने सामोसाताच्या पौलाच्या अनुयायांना पुन्हा बाप्तिस्मा द्यायला सांगितलं, कारण त्यांचा त्रैक्यावरचा विश्वासच वेगळा होता. म्हणजे पाहायचं काय? पाणी आणि त्रैक्याचं नाव. देणाऱ्याची पाटी नव्हे.

तोवर दुसरं वादळ उठलं होतं. ३०३ साली सम्राट डायोक्लेशियनच्या छळात काही धर्माधिकाऱ्यांनी पवित्र ग्रंथ सैनिकांच्या हवाली केले होते. पुढे कार्थेजला कॅसिलियन बिशप झाले, तेव्हा विरोधकांनी आक्षेप घेतला की त्यांना दीक्षा देणाऱ्यांपैकी फेलिक्स हे ग्रंथ देणारे होते, म्हणून ती दीक्षा खोटी. चौकशीत फेलिक्स निर्दोष ठरले, पण वाद मिटला नाही. डोनेटस याच्या नावाने ओळखला जाणारा हा गट कित्येक शतकं टिकला. आम्ही शुद्धांची सभा, तुम्ही गद्दारांची, असं म्हणत तेही येणाऱ्याला पुन्हा बाप्तिस्मा देत.

हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी या गटाला जे उत्तर दिलं, ते मला फार आवडतं. त्याचा सारांश असा: माणूस फक्त हात पुढे करतो, बाप्तिस्मा ख्रिस्त देतो. योहानाच्या शुभवर्तमानात म्हटलंय की येशू स्वतः बाप्तिस्मा देत नसे, त्याचे शिष्य देत. त्या शिष्यांत यहूदाही होता, थैलीतले पैसे चोरणारा. यहूदाने कोणाला बाप्तिस्मा दिला असेल, तर तो यहूदाचा ठरत नाही, ख्रिस्ताचाच ठरतो. आणि शुद्ध सभेचं म्हणाल, तर गव्हातलं निदण कापणीपर्यंत राहू द्या, असं शेताच्या धन्यानेच सांगून ठेवलंय.

इथे एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. ४११च्या कार्थेजच्या वादसभेनंतर सरकारने डोनेटसच्या गटावर दंड आणि जप्ती लादली आणि ऑगस्टीन यांनी त्या सक्तीचं समर्थन केलं. त्यांचा युक्तिवाद बरोबर होता, हा मार्ग नव्हता. दुसऱ्याचा बाप्तिस्मा खरा मानायचा आणि त्याच्या मागे शिपाई लावायचे, हे एका तोंडाने शोभत नाही. उलट सिप्रियन मुद्द्यात चुकले, पण परिषद सुरू करताना त्यांनी सांगून टाकलं होतं की वेगळं मत देणाऱ्याला आपण सहभागितेतून बाहेर काढणार नाही. शिकायचं तर दोघांकडून शिकावं.

आता समोरच्यांचे आक्षेप. पहिला: पौलाने इफिसात काही शिष्यांना पुन्हा बाप्तिस्मा दिलाच की! दिला, पण कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात कारणही दिलंय. त्यांचा बाप्तिस्मा योहानाचा होता. पवित्र आत्मा आहे हेही त्यांनी ऐकलं नव्हतं. दुसरा: बुडवलं पाहिजे, ओतून चालत नाही. ‘दिदाखे’ ही पहिल्या-दुसऱ्या शतकातली पुस्तिका सांगते की वाहतं पाणी उत्तम, ते नसेल तर दुसरं, आणि तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. तिसरा: तान्ह्या मुलांना काय कळतं? हा आक्षेप जुना आणि गंभीर आहे. इ. स. २००च्या सुमारास तर्तुलियनही म्हणत होता की मुलांना थोडं थांबवा. पण त्यावरूनच कळतं की तेव्हा मुलांना बाप्तिस्मा दिला जात होता. पुढे पन्नासेक वर्षांनी, बाहेरचा बाप्तिस्मा नाकारणाऱ्या याच सिप्रियनांनी ६६ बिशपांसह कळवलं की बाळासाठी आठव्या दिवसापर्यंतही थांबायची गरज नाही.

आज कॅथोलिक ख्रिस्तसभेचा नियम काय आहे? बाळ मरणाच्या दारात असेल आणि फादर वेळेत पोहोचणार नसतील, तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. हॉस्पिटलमधली हिंदू किंवा मुसलमान नर्ससुद्धा. ख्रिस्तसभेला जे अभिप्रेत आहे तेच करायचा हेतू, पाणी आणि त्रैक्याचं नाव एवढं पुरे. तो बाप्तिस्मा बिशपने दिलेल्या बाप्तिस्म्याइतकाच खरा. जी सभा नर्सचा हात मान्य करते, तिच्या लेकरांनी शेजारच्या पास्टरचा हात तुच्छ मानावा?

खरं तर आम्हीही या नियमाला नेहमी जागलो नाही. पूर्वी प्रोटेस्टंट माणूस कॅथोलिक व्हायला आला की ‘आधी झाला नसेल तर’ असं म्हणून सर्रास पुन्हा पाणी ओतलं जाई. १९६४मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती ऐक्यावरच्या आदेशात स्पष्ट केलं की ज्यांचा बाप्तिस्मा रीतसर झाला आहे, ते आपले बंधू-भगिनी आहेत. आता खरीखुरी शंका असेल तरच तसं करता येतं.

आपण मराठीची मुलं. आपल्याला हे समजायला लांब जायला नको. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स जेझुइट होते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये, अँग्लिकन चर्चमध्ये झाला. एवढ्या पंथांत आपण नक्की कुठे, हा प्रश्न त्यांना पुढेही सुटला नाही. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, अमेरिकन मराठी मिशनमधला. यांतला कोणताही बाप्तिस्मा माझी ख्रिस्तसभा खोटा म्हणत नाही. टिळकांची गीतं आपल्या देवळात म्हणताना कोणी त्यांचा दाखला मागत नाही, ते उगाच नाही.

म्हणून नव्या मंडळात जाणाऱ्या मित्राला मी एवढंच सांगेन: तिथे प्रार्थना कर, बायबल शीक, आमच्या चुका आम्हाला दाखव. पण ‘तुझा पहिला बाप्तिस्मा बाद’ असं कोणी म्हणालं, तर विचार, तो दिला कोणी होता? ख्रिस्ताने दिला असेल, तर तो बाद करायचा अधिकार तुम्हाला कुठून मिळाला? आणि आपल्या माणसांना सांगेन, पेत्राची किल्ली आपल्याकडे आहे म्हणून मिरवायचं असेल, तर पोप स्टीफन यांनी ती कशी वापरली तेही बघा. त्यांनी दार उघडलं होतं.