साडीगार्ड काढलेली गाडी



आजचा विषय पाठ्यपुस्तकाबाहेरचा आहे, पण आला शाळेच्या फाटकावरूनच. आमचा एक माजी विद्यार्थी वडिलांची जुनी क्रूझर घेऊन भेटायला आला. मागचं मडगार्ड कापलेलं, साडीगार्ड काढलेलं, मागची सीट वीतभर उरलेली. "सर, कशी दिसून राहिली गाडी?" छान म्हटलं. खोटं कशाला बोलू, दिसतच होती.

या प्रकाराला बॉबर म्हणतात. 1930-40 च्या सुमारास अमेरिकेतल्या हौशी लोकांनी वजन कमी करायला जड गाड्यांची मडगार्डं छाटली, तिथून ही तऱ्हा निघाली. शेपूट छाटलेल्या घोड्याला इंग्रजीत बॉबटेल म्हणतात, त्यातलाच हा बॉब. आता कंपन्याच अशा गाड्या देतात. 2022 मध्ये जावा 42 बॉबर आली, एकाच माणसाच्या सीटची. आपल्या पुण्याच्या बजाजने 2015 मध्ये अ‍ॅव्हेंजर स्ट्रीट काढली. तिच्यात क्रोमची चकाकी कमी केली, पण सीट दोघांची ठेवली.

ही अ‍ॅव्हेंजर मलाही घ्यायची होती. सीटची उंची फक्त 737 मिलिमीटर. माझ्यासारख्या बुटक्या माणसाचे दोन्ही पाय पूर्ण जमिनीला टेकतात. नांदुऱ्यापर्यंत जायचं तर पाय पुढे सोडून राजासारखं बसता येतं. पण रोज काही नांदुऱ्याला जायचं नसतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. पाय पुढे असले की खड्ड्यात फूटरेस्टवर जोर देऊन उठता येत नाही, दणका थेट कमरेत बसतो. त्यात 160 सीसीची स्ट्रीट दीडशे किलोच्या वर. पावसाळ्यात चिखलात फसली तर ढकलणार कोण?

मडगार्ड काढणं म्हणजे मूर्खपणाच, असंही मी म्हणणार नाही. काळी माती अडकून चाक जाम होतं, म्हणून आपल्याकडचे शेतकरीही पुढचं मडगार्ड काढून ठेवतात. तिथं गरज असते. माझा आक्षेप साडीगार्डाला आहे.

मी पोराला विचारलं, "मागे कोण बसतं रे?"
"आई. आठवडी बाजाराला."

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 123 वा नियम यासाठीच आहे. मागच्या माणसाला धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी असावी, म्हणजे कपडे चाकात जाणार नाहीत. एका बाजूला बसलेल्या बाईचा पदर किंवा ओढणी आऱ्यांत गेली की सावरायला वेळच मिळत नाही. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने मनाई आहे. पण पोराला कलम सांगून काय उपयोग? आईचं सांगितलं तेव्हा तो गप्प झाला.

एकट्याने फिरणाऱ्याने कंपनीची एका सीटची गाडी जरूर घ्यावी, हौसेला मोल नसतं. आम्ही मात्र घरात चौघं. माझी जुनी शंभर सीसीची गाडीच बरी, असं सध्या ठरलं आहे. (बायको "सध्या" या शब्दावर हसली.)

पोराचं साडीगार्ड गोठ्यात पडलं आहे म्हणे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की घेऊन ये म्हणालो. पाने माझ्याकडे आहेत, बोल्ट त्याने आणायचे.