अपक्ष, पण कोणाचा?

निवडणुकीच्या हंगामात ‘अपक्ष’ या शब्दाची जितकी अप्रतिष्ठा होते तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या शब्दाची होत असेल. सकाळपर्यंत पक्षाचा निष्ठावंत असलेला मनुष्य, तिकीट दुसऱ्यास गेल्याचे कळताच, सायंकाळी अपक्ष होतो; आणि अर्ज मागे घेण्याच्या मुदतीपूर्वी त्याची समजूत पटली तर पुन्हा निष्ठावंत होतो. कोणी प्रतिस्पर्ध्याची मते फोडण्यासाठी उभा केलेला असतो, कोणी तर केवळ माघार घेण्यासाठीच उभा राहिलेला असतो. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. त्यापूर्वीच अनेक जागांवर उमेदवार बिनविरोध निवडून आले होते व त्या जागांपुरते मतदारास मत देण्याचे कारणच उरले नव्हते. असल्या व्यवहारामुळे सुज्ञ मतदाराच्या मनात अपक्षांविषयी तिटकारा उत्पन्न झाला तर त्यात नवल नाही. तथापि याच शब्दाच्या पोटी एक सर्वस्वी निराळी कल्पनाही आहे आणि तिच्याविषयी आम्हांस आज लिहावयाचे आहे.

ती कल्पना अशी की, उमेदवाराने स्वतःस पुढे करावयाचे नाही. प्रभागातील रहिवाशांनी एकत्र बसून, आपसांत खल करून, आपल्यातून एकास उभे करावयाचे. मुंबईस हा प्रयोग नवा नाही. २००७ च्या महापालिका निवडणुकीत जुहूच्या रहिवाशांनी अॅडॉल्फ डिसूझा यांना नागरिकांचे उमेदवार म्हणून उभे केले आणि पक्षांच्या सगळ्या सरंजामापुढे ते निवडूनही आले. त्यावेळी या यशाचे कौतुक पुष्कळ झाले. त्याचे अनुकरण मात्र त्या मानाने थोडेच झाले, आणि जे झाले ते बहुधा अर्धेच झाले. लोकांनी उमेदवार उभा करण्याचा भाग उचलला. त्यास धरून ठेवण्याचा भाग सोडून दिला.

हा दुसरा भाग इतका आवश्यक का, हे साध्या अंकगणिताने कळते. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात फ्रूम नावाचे, २०११ साली सव्वीस हजार वस्ती असलेले, गाव आहे. तेथील नगर परिषदेच्या १७ जागांपैकी १० जागा २०११ साली अपक्ष नागरिकांच्या एका गटाने जिंकल्या व २०१५ साली सगळ्याच्या सगळ्या १७ जिंकल्या. त्या गावाच्या यशाच्या कथा आमच्याकडील उत्साही मंडळी आवडीने सांगतात. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, तेथे सुमारे दीड हजार माणसांमागे एक सभासद आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात होती व महापालिकेच्या जागा २२७ आहेत. म्हणजे एका नगरसेवकामागे सुमारे पंचावन्न हजार माणसे! फ्रूमसारखी दोन गावे एका प्रभागात बसतील. मुंबईबाहेर तर बहुसदस्यीय प्रभागांमुळे एकेका उमेदवारास याहूनही विस्तीर्ण मुलखात मते मागत हिंडावे लागते. आणि पक्षाचे चिन्ह वर्षानुवर्षे भिंतीवर रंगलेले असताना अपक्षाचे चिन्ह माघारीची मुदत टळल्यावर हाती पडते. फ्रूमचा नगरसेवक बाजारात भेटतो. आमचा नगरसेवक, तो कितीही सज्जन असो, पंचावन्न हजार माणसांस भेटणार तरी कोठे?

निवडून आल्यावर तर त्याची खरी परीक्षा सुरू होते. महापालिकेची तिजोरी स्थायी समितीच्या हाती आणि त्या समितीतील जागा पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटल्या जातात. मुंबईत आठ-नऊ नगरसेवकांमागे तेथे एक जागा येते. एकट्या अपक्षाच्या वाट्यास काहीच येत नाही. एखाद्या आघाडीत नाव घालावे तर समितीचे दार किलकिले होण्याची आशा असते. दुसऱ्या बाजूस, स्थानिक संस्थांसाठी महाराष्ट्राने १९८६ साली केलेल्या पक्षांतरबंदीच्या कायद्याप्रमाणे, अपक्ष म्हणून निवडून आलेला सभासद मुदतीच्या मध्यात एखाद्या पक्षात गेला तर त्याचे पद जाते. मुदत संपताच मात्र तो मोकळा असतो. कुलाब्यातून २०१२ साली अपक्ष म्हणून निवडून आलेले नगरसेवक २०१७ साली भारतीय जनता पक्षाच्या चिन्हावर उभे राहिले व विजयी झाले. यात बेकायदेशीर काही नाही. पण अपक्ष या नात्याने मिळालेला विश्वास एका पक्षाच्या खाती जमा झाला की नाही, हे विचारण्याचा अधिकार तेथील मतदारांस होता. तो विचारण्यासाठी जमावे अशी जागा मात्र त्यांच्यापाशी नव्हती.

एकट्या मताने काय होणार, हा युक्तिवाद आम्हांस सर्वस्वी मान्य नाही. १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेत गव्हर्नर जनरलांच्या स्वागतखर्चाचा ठराव आला तेव्हा, हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा असे म्हणून महात्मा फुले यांनी विरोधात मत दिले. ते मत एकटेच होते, आणि त्या ठरावाच्या बाजूने कोणकोण होते हे आज कोणासही आठवत नाही. परंतु सर्वच नगरसेवक फुले नसतात. सामान्य मकदुराच्या सज्जन माणसाच्या पाठीशी कोणी तरी उभे असावे लागते.

ते कोण? कायद्याने याचे उत्तर देऊन ठेवले आहे, ही या प्रकरणातील सर्वांत विचित्र गोष्ट होय. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाखांहून मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. पुढे २००९ साली महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यांत ‘क्षेत्रसभा’ आली. जवळजवळच्या काही मतदान केंद्रांच्या मतदारांनी एकत्र जमावे, नगरसेवकाने अध्यक्षस्थान घ्यावे आणि कोणते काम आधी, कोणते नंतर, हे तेथे ठरावे, अशी ही योजना. खेड्यातील ग्रामसभेचेच हे नागरी रूप. शाळेत नागरिकशास्त्र इतिहासाच्या शेपटास बांधलेले असते आणि परीक्षेपुरते वाचून सोडले जाते. क्षेत्रसभेचेही तसेच झाले. ती बोलवावयाची नगरसेवकाने, आणि ती न बोलवण्यात सोय असते तीही नगरसेवकाचीच. त्यातून मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या सभागृहाची मुदत संपली व नंतर जवळजवळ चार वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. अध्यक्षस्थान घेण्यास नगरसेवकच नव्हते. आणि सभा भरत नाही म्हणून कोणी हळहळल्याचेही फारसे ऐकू आले नाही.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, नागरिकांचा उमेदवार उभा करण्यापूर्वी नागरिकांची सभा उभी राहिली पाहिजे आणि उमेदवार पडला तरी ती उभी राहिली पाहिजे. आरक्षणाची सोडत दर निवडणुकीस फिरते; आज जो प्रभाग खुला आहे तो उद्या महिलांसाठी किंवा मागासवर्गीयांसाठी राखीव होतो. यात गैर काही नाही. पक्ष आपला मनुष्य शेजारच्या प्रभागात हलवतो. एका व्यक्तीभोवती बांधलेली नागरिक चळवळ मात्र अशा वेळी एका चिठ्ठीसरशी विझते. सभा जागती असेल तर तिने दुसऱ्यास, बहुधा दुसरीस, पुढे करावे.

येथवर आमच्या वाचकांनी मान डोलावली असेल. आता थोडे अप्रिय बोलणे भाग आहे. ‘नागरिक’ म्हणजे कोण? आमच्या वर्गाच्या तोंडी हा शब्द आला की त्याचा अर्थ नकळत ‘सोसायटीतले सभासद’ असा होतो. नागरिकांच्या म्हणवल्या जाणाऱ्या बैठकांतले विषय आम्ही पुष्कळ पाहिले आहेत: मोटारी ठेवण्याची जागा, उद्यानाची वेळ, पदपथावरील फेरीवाले. नाल्यापलीकडच्या वस्तीत पहाटे चार वाजता येणारे पाणी त्या यादीत क्वचितच असते, कारण त्या वस्तीतील बाईस बैठकीचे बोलावणेच गेलेले नसते. तो फेरीवालाही याच प्रभागाचा मतदार असतो. त्यास वगळून निवडलेला उमेदवार पक्षाचा नसेल, पण तो प्रभागाचाही नव्हे. तो एका गल्लीचा. त्यापेक्षा पक्षाचा नगरसेवक बरा, कारण मतांसाठी का होईना, तो नाला ओलांडून जातो. आणि वस्तीतील माणसे सभेस आली की सभेत फेरीवाल्याच्या बाजूनेही बोलले जाईल, कधी आपला ठराव पडेल, हेही पत्करले पाहिजे. ज्यांस हे पत्करणार नाही त्यांनी लोकशाहीचे नाव न घेता सरळ सोसायटीचे मंडळ चालवावे.

सभागृहे पुन्हा भरली आहेत. आपला नगरसेवक कोणत्या पक्षाचा, याची चर्चा आता पुरे. त्याने क्षेत्रसभा कधी बोलावली आहे, हे त्यास लेखी विचारावे. पत्रावर नाल्याच्या दोन्ही काठांच्या सह्या असाव्यात. ज्या प्रभागातून सभेची तारीख, वेळ व स्थळ आम्हांस कळवले जाईल, त्याची सूचना आम्ही या पत्राच्या स्थानिक पृष्ठावर विनामूल्य छापू. तारीख मागूनही मिळाली नाही तर ती गोष्टही, नगरसेवकाच्या नावासह, त्याच पृष्ठावर छापली जाईल.