आईच्या गोळ्या

सणापूर्वी घर झाडायला काढले की एखादा डबा असा निघतोच, की तो उघडावा की तसाच पुन्हा फळीवर ठेवावा, असा प्रश्न पडतो. आमच्याकडे तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे. बिस्किटे केव्हाच संपली. आता त्यात औषधे नांदतात. खोकल्याच्या अर्ध्या बाटल्या, कुठल्याशा तापातून उरलेल्या गोळ्या, पिळून चपट्या झालेल्या मलमाच्या नळ्या. औषध टाकणे म्हणजे पानात अन्न टाकणे, अशी आम्हा पांढरपेशांची समजूत. पैसे मोजलेले असतात ना! यंदा गणपतीच्या आधी तो डबा पत्नीने उघडला आणि मी पकडला गेलो.

त्याचे असे झाले. २०२५ च्या जानेवारीत आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. दुखण्यावर डॉक्टरांनी ट्रॅमाडॉलच्या ३० गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी आईला रात्रीची झोप दिली, जमिनीला पाय टेकवण्याचा धीर दिला. त्यांना मी नावे ठेवणार नाही. दुखणे उतरताच आईने "आता पुरे" म्हणून त्या सोडल्या. १२ उरल्या. त्या अर्थातच डब्यात गेल्या.

एप्रिलमध्ये माझ्यापुढे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले आणि पाठ धरली. डॉक्टरकडे जायला वेळ कोणाला? आईची गोळी हाताशी होती. ती घेतली. पाठ तर थांबलीच, पण त्या संध्याकाळी मला मुलांचे शुद्धलेखनही क्षम्य वाटू लागले! मराठीचा प्राध्यापक ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका हसून सोडून देतो, तेव्हाच काहीतरी बिनसले आहे हे मी ओळखायला हवे होते.

१२ गोळ्या संपल्या. मी आईची जुनी चिठ्ठी घेऊन ओळखीच्या औषधाच्या दुकानात गेलो. "सर, तुम्हाला कसली चिठ्ठी मागायची!" दुकानदार म्हणाला. मला त्या वेळी केवढा मान वाटला! वास्तविक या गोळीच्या विक्रीची नोंद वेगळ्या वहीत करावी लागते. डॉक्टर कोण, रोगी कोण, औषध किती, हे लिहून ती वही ३ वर्षे जपावी लागते. २०१८ पासून तर ही गोळी अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. पण ओळखीपुढे वही उघडलीच नाही, आणि मीही ती उघडायला सांगितली नाही.

जूनपर्यंत पाठ बरी झाली होती. तरी गोळी चालूच. एखाद्या दिवशी चुकली, की जांभयांवर जांभया येत, नाक वाहे, अंग मोडून येई, रात्रभर पाय स्वस्थ राहत नसत. पावसाळी हवा, असे मी म्हणे आणि गोळी घेई. मग हवा सुधारे!

वर्गात मी शब्दांच्या व्युत्पत्ती सांगतो. 'अफू' अरबी 'अफ्यून'वरून आला आणि त्याचे मूळ ग्रीकांपर्यंत पोचते. त्यालाच आपल्या पंडितांनी 'अहिफेन', म्हणजे सापाचा फेस, असे भारदस्त रूप दिले. एवढे ठाऊक असलेल्या माणसाला आपल्या खिशातली गोळी अफूचीच चुलत बहीण आहे, हे ठाऊक नव्हते. ती खसखशीच्या बोंडातून येत नाही, कारखान्यात तयार होते. पण मेंदूत जाऊन अफूच्याच पाटावर बसते.

डब्यात पत्नीला तीन रिकाम्या पट्ट्या सापडल्या. तिने चष्मा लावला, पट्टी उजेडात धरली आणि विचारले, "अहो, सासूबाईंचे ऑपरेशन जानेवारीत झाले. मग या पट्टीवर तयार केल्याचा महिना मे कसा?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. ती रागावली नाही. अकरावीतला मुलगा आत अभ्यास करीत होता, तिकडे पाहत ती हळूच म्हणाली, "तुमच्याऐवजी त्याने हात घातला असता तर?"

डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "सर, पाठ दुखत नाही म्हणता, मग गोळी कशासाठी?" मी शरमेने म्हणालो, आजपासूनच बंद करतो. तर ते म्हणाले, तसे मुळीच करायचे नाही. एकदम सोडली तर त्रास वाढतो. त्यांनी मोजून, आठवड्याआठवड्याने गोळी कमी केली. मोजायचे काम पत्नीकडे दिले. जोडीला झोपेची गोळी किंवा मद्य चुकूनही घ्यायचे नाही, दोन्ही मिळून श्वास मंद करतात, असे बजावले. पाचव्या आठवड्यात मी मोकळा झालो. मधल्या रात्रींविषयी दिवाळी अंकात न लिहिलेले बरे.

शेवटी उरलेल्या चार गोळ्या पत्नीने शौचकूपात टाकून पाणी सोडले. मला ते विचित्र वाटले. पण २०२५ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेने काढलेल्या सूचनांत १७ औषधांसाठी नेमके हेच सांगितले आहे आणि त्यांत ट्रॅमाडॉल आहे. केरात टाकली तर एखाद्या पोराच्या नाहीतर कचरा वेचणाराच्या हाती लागायची. बाकीच्या औषधांना मात्र हा मार्ग नाही. डबा आता कपाटात आहे आणि किल्ली माझ्याकडे नाही.

आईला सांगावे की नाही, यावर आमचे दोन दिवस खल झाले. अखेर मीच सांगितले. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली.

"माझ्या गोळ्या खाल्ल्यास होय रे?" ती म्हणाली. "पाठ दुखते, एवढेच सांगायचे होतेस. तेल कोमट करून चोळून दिले असते." आणि गुडघ्यावर हात टेकून ती खरोखरच तेलाची वाटी आणायला उठली.