शाळेपासून 500 मीटर! पण गावात ही रेघ ओढायची कुठं?

कोल्हापूर : पहाटे रस्त्यावर पळणारी भरतीची पोरं आणि शाळा सुटल्यावर टपरीवर थांबणारी सातवी-आठवीची पोरं. दोघांच्याही हातात हल्ली तीच गार बाटली दिसते. वीस रुपयांना मिळणारी, रंग भडक, नाव ‘एनर्जी ड्रिंक’. घरच्यांना वाटतं कोल्ड्रिंकच आहे. ते कोल्ड्रिंक नाही, हाच खरा मुद्दा आहे.

जुलै 2024 मध्ये विधान परिषदेत आमदार सत्यजित तांबे यांनी हा विषय काढला. तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी उत्तरात सांगितलं की, जास्त कॅफिन असलेल्या एनर्जी ड्रिंकची विक्री शाळेपासून 500 मीटरच्या आत बंद केली जाईल. बातमी सगळीकडं झळकली. शहरात 500 मीटर म्हणजे दोन-तीन चौक. पण करवीर, कागल, पन्हाळा, शाहूवाडीतल्या लहान गावात जिल्हा परिषदेची शाळा गावठाणातच असते. तिथून 500 मीटरचं वर्तुळ मारलं तर किराणा दुकान, पानपट्टी, एसटीचा थांबा, दूध डेअरी सगळं आत येतं. म्हणजे नियम शब्दशः पाळला तर गावात ही बाटली कुठंच विकता येणार नाही. आणि मोजायला कोण येणार? अन्न सुरक्षा अधिकारी जिल्ह्याच्या ठिकाणी बसतात. शाळेपासून 100 यार्डांत तंबाखू विकायचा नाही, हा कायदा तर 2003 चा आहे. त्याचा बोर्ड शाळेच्या भिंतीवर आणि पुड्यांची माळ समोरच्या टपरीत, हे चित्र कुणाला नवीन नाही.

आता बाटलीत काय असतं ते बघू. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) नियमानुसार अशा पेयात लिटरमागे 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफिन चालतं. 250 मिलीच्या बाटलीत हे 36 ते 75 मिलिग्रॅम होतं. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं मुलांसाठी वजनाच्या किलोमागे दिवसाला 3 मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. पंचवीस किलोच्या पोराचा हिशोब केला तर 75 मिलिग्रॅम. म्हणजे एका बाटलीत त्याचा दिवसाचा कोटा संपू शकतो, आणि घरचा चहा अजून वेगळाच. साखरेचंही तसंच. काही कॅनमध्ये 250 मिलीला 27 ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे.

‘चहात पण कॅफिन असतंय की,’ असं कुणीही म्हणेल. बरोबर आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत 150 मिली चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन सांगितलं आहे. पण गरम चहा कुणी घटाघटा पीत नाही, आणि पोराला आई अर्धा कपच देते. गार आणि गोड बाटली अर्ध्या मिनिटात रिकामी होते, लगेच दुसरी घ्यावीशी वाटते. शिवाय चहाला कुणी ‘ताकद’ म्हणून विकत नाही.

ताकद तर त्यात नसतेच. थकल्याचा निरोप मेंदूला देणारा एक पदार्थ शरीरात तयार होत असतो, त्याची वाट कॅफिन अडवतं. थकवा जात नाही, कळत नाही एवढंच. छातीत धडधड, हात थरथरणं, पित्त, डोकं दुखणं, रात्री झोप न लागणं ही त्याची नेहमीची लक्षणं. कॅफिनचा असर निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला प्यायलेलं अकरा वाजता पण अर्धं अंगात असतं. मग पोरगं रात्री मोबाईल घेऊन जागं आणि सकाळी वर्गात पेंगतंय. दारूत मिसळून पिणाऱ्यांचं तर आणखी अवघड. चढलेली कळत नाही आणि गडी गाडीला किक मारतो.

भरतीच्या पोरांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर पळायचं असतं, एकेका गुणावर नोकरी जाते. कॅफिननं पळण्यात थोडा फरक पडतो, हे क्रीडाशास्त्र मान्य करतं. 2004 पासून ते जागतिक उत्तेजक बंदीच्या यादीतही नाही. पण ते नीट झोपलेल्या, खाल्लेल्या, तज्ज्ञाच्या देखरेखीखालच्या खेळाडूचं गणित आहे. रात्रीचा प्रवास करून आलेला, उपाशीपोटी, उन्हात नंबर लागायची वाट बघणारा पोरगा दोन बाटल्या रिचवून पळाला, तर हृदयावर काय ताण येत असेल? ज्याच्या हृदयात जन्मापासून काही दोष आहे आणि त्याला माहीतच नाही, त्याच्यासाठी हा जुगार आहे. शाहू महाराजांच्या काळापासून ज्या तालमींनी मल्ल घडवले, तिथं थंडाई दूध-बदामाची असते. तो खुराक आहे, चाबूक नव्हे.

घाम गेल्यावर लागतं ते पाणी आणि मीठ. इथं दुसरी गल्लत होते. एनर्जी ड्रिंक वेगळं आणि स्पोर्ट्‌स ड्रिंक वेगळं. दुसऱ्यात सहसा कॅफिन नसतं. साखर आणि थोडं मीठ असतं. तास-दीड तास जोरात खेळणाऱ्या फुटबॉलपटूला ते चालेल, पण टीव्हीसमोर बसलेल्या पोराला त्याची गरज नाही. आणि जुलाबात तर ते ओआरएसची जागा घेऊच शकत नाही, कारण त्यात मीठ फार कमी आणि साखर जास्त. ‘ओआरएस’ नाव लावून गोड पेयं विकण्याचा प्रकार वर्षानुवर्षे चालला. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष आठ वर्षं भांडल्या, तेव्हा कुठं ऑक्टोबर 2025 मध्ये प्राधिकरणानं ते नाव वापरायला बंदी घातली.

ऊसपट्ट्यानं एका गोष्टीकडं खास लक्ष द्यावं. निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या मध्य अमेरिकेतल्या देशांत उन्हात राबणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या किडन्या निकामी होतात, तेही शुगर-बीपी नसताना. कडक ऊन, कष्ट आणि अंगातलं पाणी कमी होणं हे मोठं कारण मानलं जातं, आणि तहानेला गोड पेयं पिण्यानं त्यात भर पडते का, यावरही अभ्यास झाले आहेत. फडात कोयता चालवणाऱ्यानं पाण्याऐवजी ही बाटली तोंडाला लावणं म्हणूनच धोक्याचं. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, नाहीतर मीठ घातलेलं ताक, हे केव्हाही स्वस्त. ओआरएसची पुडी आशाताईंकडं फुकट मिळते.

सरकारची वाट न बघता गावाला करण्यासारखं आहे. शाळेच्या गेटपासून 50 मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकायचे नाहीत, हा एफएसएसएआयचा 2020 चा नियम कागदावर आहेच. शाळा व्यवस्थापन समिती दुकानदाराला तो दाखवू शकते, ग्रामसभा ठराव करू शकते. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर 1800-222-365 आहे. दुकानदार बहुतेक गावातलाच, कुणाचा तरी काका-मामा. त्यानं मोठ्यांना विकावं, पण दप्तर पाठीवर असलेल्या पोराला नाही म्हणावं, एवढं ठरलं तरी पुष्कळ. बाटलीवर तसं छापलेलंच असतं : मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, कॅफिन न सोसणारी माणसं यांच्यासाठी नाही, आणि दिवसाला 500 मिलीच्या वर नको. फक्त ते बारीक अक्षरात, इंग्रजीत असतं. मोबाईलचा कॅमेरा त्यावर धरला तर भाषांतराचं ॲप तेच मराठीत दाखवतं.