समोरचा वकील तुमचा कोण?

बडतर्फीच्या खटल्यात कागदावर कामगार विरुद्ध मालक असे लिहिलेले असते, पण न्यायालयात बोलतात ते दोघांचे वकील. हे दोन वकील कधी पती-पत्नी असतात, कधी बहीण-भाऊ, कधी सासरा आणि जावई, कधी एकाच ज्येष्ठाच्या हाताखाली घडलेले दोन ज्युनिअर. कामगार कायद्याच्या क्षेत्रात हे सहज घडू शकते, कारण या कायद्याचे काम मन लावून करणारे वकील कोणत्याही शहरात मोजकेच असतात. काही जण फक्त मॅनेजमेंटची कामे घेतात, काही फक्त युनियनची, आणि तेच चेहरे वर्षानुवर्षे त्याच न्यायालयात एकमेकांसमोर उभे राहतात. त्यांच्यात स्नेह जुळला, नातीगोती झाली, तर त्यात गैर काहीच नाही. नोकरी गमावून न्यायालयात आलेल्या माणसाला ते नाते कोणी सांगते का, हा मात्र गंभीर प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की नातेवाईक वकिलांना एकमेकांविरुद्ध उभे राहण्याची बंदी नको. पण समोरच्या वकिलाशी असलेले जवळचे नाते आपल्या पक्षकाराला लेखी सांगण्याचे बंधन प्रत्येक वकिलावर असले पाहिजे, आणि ते वकीलपत्रावर सही होण्याआधी पाळले गेले पाहिजे.

आजचे नियम काय सांगतात ते पाहू. ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने वकिलांच्या वर्तनाचे नियम केले आहेत. न्यायाधीश आणि वकील यांच्यातल्या नात्याबद्दल हे नियम कमालीचे बारकाईने बोलतात. न्यायासनावरची व्यक्ती वकिलाचा बाप, आजा, मुलगा, नातू, भाऊ, पती, पत्नी, आई, मुलगी, बहीण, सासू, सासरा, जावई, सून अशा लांबलचक यादीतले कोणी असेल, तर त्या वकिलाने तिथे उभे राहायचे नाही. या यादीतल्या 'अंकल' या एका इंग्रजी शब्दात आपले काका आणि मामा दोघे येतात, 'आंट'मध्ये आत्या, मावशी, काकू, मामी साऱ्या येतात, म्हणजे ही यादी मराठीत लिहिली तर आणखी लांबेल. नियम करणाऱ्यांना नात्याची ताकद पुरेपूर ठाऊक होती, हे यातून उघड होते. वकील आणि पक्षकार यांच्यासाठी वेगळा नियम आहे. खटल्यातल्या पक्षांशी आपला काही संबंध असेल, किंवा वादाच्या विषयात आपले हितसंबंध असतील आणि त्यामुळे पक्षकाराच्या निर्णयावर परिणाम होण्याजोगा असेल, तर वकिलाने ते काम हाती घेतानाच मोकळेपणाने सांगावे, असे तो म्हणतो. पण यातला शब्द 'पक्षांशी संबंध' असा आहे. समोरच्या पक्षाच्या वकिलाशी असलेल्या संबंधाचे नाव त्यात येत नाही. 'हितसंबंध' या शब्दाचा अर्थ ताणून त्यात हे नाते बसवता येईल, पण नेमका हवा तिथे नियम मोघम राहिला आहे. न्यायाधीशाच्या मेहुण्याला दाराबाहेर थांबवणारी व्यवस्था समोरच्या वकिलाच्या पत्नीबद्दल काही बोलत नाही.

ही उणीव दिवाणी, फौजदारी सगळ्याच खटल्यांत आहे, मग बडतर्फीवर एवढा भर का, असे कोणी विचारेल. दोन्ही बाजूंचे बळ इथे सारखे नसते, हे त्याचे कारण आहे, आणि ते न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. 2013 साली महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सेवासमाप्ती बेकायदा ठरली तर सेवासातत्यासह आणि पूर्ण मागील वेतनासह कामावर परत घेणे हा सर्वसाधारण नियम असल्याचे स्पष्ट केले. त्याच निकालात न्यायालयाने बजावले की मालक चांगल्यातला चांगला वकील लावून कामगाराचे हाल लांबवू शकतो, आणि कामगाराला मात्र नावाजलेल्या वकिलाची फी परवडत नाही. त्याच्या कितीतरी आधी, 1982 साली, मुंबई बंदरातल्या एका कर्मचाऱ्याच्या खातेनिहाय चौकशीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला होता. चौकशीत मालकाची बाजू कायद्याचे जाणकार अधिकारी मांडत असतील आणि कर्मचाऱ्याला मात्र वकील नाकारला गेला असेल, तर तो नैसर्गिक न्यायाचा भंग ठरतो, असे न्यायालयाने तेव्हा म्हटले. खुद्द 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगार न्यायालयात वकील उभा करण्यासाठी समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी मागितली होती. वकिलाची निवड हा या वादांत किरकोळ तपशील नाही, ही समज त्या कलमामागे होती. ज्या व्यवस्थेने वकील असावा की नसावा हे ठरवण्याचा हक्क विरोधी पक्षाला दिला, तिने आपला वकील समोरच्याचा कोण लागतो हे विचारण्याचा हक्क पक्षकाराला द्यायला हवा.

नात्याचा परिणाम भर न्यायालयात क्वचितच दिसतो. युक्तिवादात दोघे कडाडून भांडतील, उलटतपासणीत एकमेकांच्या साक्षीदारांची पिसे काढतील, आणि ते अगदी खरे असेल. बडतर्फीचा दावा मात्र बरेचदा न्यायालयाबाहेर संपतो. ठरावीक रक्कम घ्या, राजीनामा लिहून द्या, तक्रार मागे घ्या, असा प्रस्ताव येतो आणि तडजोडीची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, न्यायालयात दाखल होते. ही रक्कम पुरेशी आहे की नाही, हे कामगार स्वतः ठरवू शकत नाही. चौकशी अधिकाऱ्याच्या अहवालात किती भगदाडे आहेत, महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातली सूडबुद्धीने किंवा उघड खोट्या कारणासाठी कामावरून काढल्याची कलमे लागू पडतात का, कामावर परत जाण्याची शक्यता किती, हे सारे त्याला वकीलच सांगतो. 'घेऊन टाका' हे दोन शब्द त्याच्या आयुष्यातला सर्वांत महाग सल्ला ठरू शकतात. छापील वकीलपत्रात तडजोडीचा अधिकारही बहुधा वकिलाला आधीच दिलेला असतो. वकिलाला तडजोड करण्याचा गर्भित अधिकार असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली मान्य केले होते. 2015 साली त्याच न्यायालयाने, पक्षकाराच्या स्पष्ट सूचनेशिवाय वकिलाने त्याचे हक्क सोडून देऊ नयेत, असे बजावले. दोन्ही निकाल एकत्र वाचले की कळते, वकिलाच्या हातात केवढी सत्ता आहे आणि ती वापरताना पक्षकाराला विश्वासात घेणे किती गरजेचे आहे. ज्याच्याशी आपण घासाघीस करतो आहोत तो संध्याकाळी आपल्याच घरी परतणार आहे, हे ठाऊक असताना वकील शेवटचे पन्नास हजार रुपये मागेल की सोडून देईल? कदाचित मागेलही, उलट अधिक हट्टाने मागेल. पण कामगाराला त्यातले काहीच कळणार नाही, आणि नंतर कधी ते नाते समजले, तर मिळालेला प्रत्येक रुपया त्याला कमीच वाटेल.

इतर देशांतल्या न्यायालयांनी हा प्रश्न हाताळला आहे. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 1996 साली एका फौजदारी खटल्याच्या संदर्भात म्हटले की पती-पत्नीने, किंवा एकत्र राहणाऱ्या जोडीदारांनी, एकाच खटल्यात परस्परविरुद्ध उभे राहणे सर्वसाधारणपणे योग्य नव्हे, कारण खटला नीट चालला नाही अशी शंका त्यातून निर्माण होते. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने 1985 साली एका आरोपीची शिक्षा रद्द केली, कारण त्याच्या वकिलाचे सरकारी वकिलाशी प्रेमसंबंध होते आणि ते आरोपीला सांगितले गेले नव्हते. मात्र 1981 साली जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, केवळ विवाहाच्या नात्यावरून वकिलाला अपात्र ठरवता येणार नाही, असा निर्णय मृत्युपत्राच्या एका वादात दिला होता. हे निकाल परस्परविरोधी वाटले तरी एकाच दिशेला बोट दाखवतात. नाते असणे हा दोष नाही. ते लपवले गेले की मात्र निकालच धोक्यात येतो. अमेरिकन बार असोसिएशनने 2020 च्या जुलैमध्ये दिलेल्या औपचारिक मतात विरोधी वकिलांमधल्या संबंधांच्या तीन पातळ्या सांगितल्या. प्रणय किंवा विवाहासारखे निकटचे नाते असेल तर ते पक्षकाराला सांगून त्याची माहितीपूर्ण संमती घ्यायची. मैत्री असेल तर ती किती दाट आहे त्यावर ठरवायचे. नुसती ओळख असेल तर सांगण्याची सक्ती नाही. भारतासाठी ही विभागणी बऱ्यापैकी जशीच्या तशी घेता येईल. आपल्याकडे ज्येष्ठ आणि ज्युनिअर यांचे नाते त्यात वेगळे नोंदवावे लागेल, कारण ते कित्येकदा रक्ताच्या नात्याइतके घट्ट असते.

यावर वकीलवर्गातून पहिला आक्षेप येईल तो व्यवसायाच्या प्रतिष्ठेचा. सनद घेतलेला माणूस नाते उंबऱ्याबाहेर ठेवून न्यायालयात येतो, त्याच्यावर अविश्वास कशासाठी, असे म्हटले जाईल. या म्हणण्याला मी मान देतो, कारण ते बहुतेक वकिलांबाबत खरे आहे. पण महाराष्ट्राच्या इतिहासातले एक प्रसिद्ध उदाहरण इथे आठवावे लागते. 1897 साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा त्यांच्या जामिनासाठी दिनशा दावर या बॅरिस्टरांनी बाजू मांडली होती. 1908 साली तेच दावर न्यायासनावर होते आणि त्यांनीच टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. दावरांच्या मनात काय होते यावर शतकभर वाद झाला, पण तो वाद होऊ शकला कारण ते पूर्वीचे नाते सर्वांना ठाऊक होते. टिळकांनाही ते ठाऊक होते. माणूस व्यवसायनिष्ठेने वागला की नाही याचा निवाडा करण्यासाठी आधी वस्तुस्थिती समोर असावी लागते. पक्षकाराकडून ती दडवून ठेवायची आणि वर त्याच्याकडे विश्वास मागायचा, ही मागणी न्याय्य नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो स्त्री वकिलांचा आहे. नवरा आणि बायको दोघेही वकील असतील आणि अशा नियमामुळे एकाला काम सोडावे लागणार असेल, तर ते सोडणारी बहुतेक वेळा बायकोच असेल, ही भीती निराधार नाही. न्यायालयात स्त्रीला उभे राहायला जागा मिळाली तीच मोठ्या कष्टाने. ॲडव्होकेट म्हणून नाव लावण्याचा हक्क स्त्रियांना 1923 च्या कायद्याने मिळाला, आणि तो मिळवण्यासाठी नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी किती वर्षे घालवली ते महाराष्ट्राला ठाऊक असले पाहिजे. ही भीती खरी आहे, म्हणूनच मी बंदी मागत नाही. सांगणे आणि सोडणे यांत फरक आहे. कामगाराने ऐकून घेतले आणि म्हटले, बाई, तुम्हीच माझा खटला चालवा, तर तिचे काम कोणीही काढून घेऊ शकत नाही. नाते केवळ त्या व्यक्तीपुरते धरावे, तिच्या ऑफिसमधल्या इतर वकिलांना त्यात ओढू नये.

तिसरी शंका अशी की मालक या नियमाचा हत्यारासारखा वापर करतील. कामगाराच्या वकिलाचे आमच्या वकिलाशी नाते आहे, तेव्हा त्याला हटवा, असा अर्ज करून वर्षभर तारखा घेतील. म्हणून हा हक्क फक्त ज्याच्या-त्याच्या पक्षकाराचा असावा. कामगाराचा वकील कामगाराला सांगेल, मालकाचा वकील मालकाला. न्यायालयापुढे अर्ज करण्याची, समोरच्याला आक्षेप घेण्याची वाट त्यात ठेवूच नये. मालकाला आपल्या वकिलाचे नाते नको असेल तर त्याने आपला वकील बदलावा. कामगाराच्या वकिलाला हात लावता येणार नाही. या एका अटीने तारखांचा खेळ मुळातच बंद होतो. संमती एकदा दिली म्हणजे कायमची दिली असेही धरू नये. तडजोडीचा प्रस्ताव आला की वकिलाने नात्याचा पुन्हा उल्लेख करून पक्षकाराला दुसऱ्या वकिलाचा सल्ला घेण्याची मोकळीक द्यावी, कारण खरी जोखीम त्याच टप्प्यावर असते. खाजगीपणाचा मुद्दाही यात येतो, पण विवाह, रक्ताचे नाते, एकत्र राहणे किंवा ज्येष्ठ-ज्युनिअरचे नाते एवढेच सांगायचे असेल तर खाजगी आयुष्यात फारसा शिरकाव होत नाही.

हे सारे करायला संसदेत जाण्याची गरज नाही. बार कौन्सिलला आपल्या नियमातले 'पक्षांशी संबंध' हे शब्द 'पक्षांशी किंवा त्यांच्या वकिलांशी संबंध' असे वाढवता येतील. तोवर राज्यातल्या वकील संघटनांना आपल्या छापील वकीलपत्रात एक ओळ घालता येईल, आणि कामगार न्यायालयांतल्या वकिलांनी तिची सुरुवात करावी. अनुचित कामगार प्रथेची तक्रार नव्वद दिवसांत दाखल करावी लागते, त्यामुळे कामगार घाईत येतो आणि समोर ठेवलेल्या कागदावर सही करतो. ती ओळ इंग्रजी मजकुराच्या गर्दीत तळाशी नको. सहीच्या जागेच्या अगदी वर, ठळक मराठीत असावी: समोरच्या पक्षाच्या वकिलाशी माझे नाते आहे / नाही, असल्यास ते असे. खाली वकिलाची सही, आणि तिच्यानंतर कामगाराची.