मागे कोण बसणार?

‘सेव्हन सीटर’ हा शब्द ज्याने काढला तो आयुष्यात कधी तिसऱ्या रांगेत बसला नसणार, हे मी स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायला तयार आहे. आणि बसला असेलच तर शोरूममध्ये, गाडी उभी असताना. घाटात तर नक्कीच नाही!

दिवाळीची सुट्टी लागली की इकडे हॉस्टेल रिकामं होतं आणि तिकडे घरोघरी एकच विषय. कोकणात जायचं, गाडी ठरवायची. मग बाबालोक एजन्सीवाल्याला फोन लावतात. संवाद ठरलेला. "माणसं किती?" "सहा." "मग अर्टिगा घ्या की साहेब, आरामात बसतील." "आणि इनोव्हा?" "तिला किलोमीटरमागे चारेक रुपये जास्त पडतील." झालं! अर्टिगा फायनल. माणसं सहा, ड्रायव्हर सोडून सीटा सहा, बाकी शून्य. गणित सुटलं.

माझं म्हणणं असं की गणित सुटलं नाही, मुळात मांडलंच चुकीचं. गाडीचा वर्ग एकूण सीटांवरून ठरवायचा नसतो, तिच्यातल्या सगळ्यात वाईट सीटवरून ठरवायचा असतो. फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये आपण हेच तर शिकलो. बीम कुठे मोडेल ते सरासरी बघून कळत नाही, जिथे ताण सगळ्यात जास्त तिथलंच बघावं लागतं. पेपरात हे लिहून आपण मार्क मिळवतो आणि घरची गाडी ठरवताना मात्र सरासरीवर खूष!

ती सगळ्यात वाईट सीट वाईट का असते, हे थोडं टेक्निकल आहे, पण आपलंच कॉलेज आहे, चालायचंच. तिसरी रांग मागच्या चाकांच्या वर किंवा त्यांच्याही जरा मागे असते. गाडी खड्ड्यात गेली की ती आपल्या मध्याभोवती पुढेमागे डोलते आणि मध्यापासून जितकं लांब तितका झोका मोठा. म्हणजे सी-सॉच्या टोकाला बसल्यासारखं. त्यात तिथली जमीन उंच आणि सीट बुटकी, त्यामुळे मांड्या सीटला टेकत नाहीत आणि गुडघे छातीशी येतात. खिडकीची काच उघडत नाही. काही गाड्यांत एसीचं तोंडही तिथपर्यंत पोचत नाही. आणि समोर काय दिसतं? मधल्या सीटची पाठ. बस्स.

हा शेवटचा मुद्दा साधा नाही. आपला कान, म्हणजे कानाच्या आतला भाग, सांगतो की आपण वळतोय, हलतोय. डोळे सांगतात की समोरचं रेक्झिन तर जागच्या जागी आहे. दोघांचं भांडण लागतं आणि पोट बिचारं मधल्या मधे मरतं. ड्रायव्हरला सहसा त्रास होत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधी दिसतं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पिकनिकच्या बसमध्ये टीचर याला मोशन सिकनेस म्हणायच्या. पण घरचा शब्दच मला जास्त खरा वाटतो : गाडी लागते. अगदी लागतेच ती.

आता विचारा, त्या सीटवर बसतं कोण? बाबा पुढे, ‘रस्ता सांगायला’. (ड्रायव्हर त्याच रस्त्याने महिन्यातून चारदा जातो आणि त्याच्या मोबाईलवर नकाशा चालू असतो, हे वेगळं.) मधे आजी, कारण तिचे गुडघे. आजीच्या शेजारी काका-काकू, कारण ते पाहुणे. मग मागे उरतं कोण? आई आणि मी. आईला गाडी लागते हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण तिला विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "मला काय, कुठेही चालेल." पहाटे उठून तिने सगळ्यांसाठी पोळ्या-चटणी बांधलेली असते. स्वतः काही खात नाही. अॅव्होमिनची गोळी घेते, पर्समध्ये आवळासुपारी आणि एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवते, आणि कुंभार्ली घाट संपून चिपळूण येईपर्यंत डोळे मिटून बसते. गोळीने झोप येते, त्यामुळे संध्याकाळी समुद्रावरही ती अर्धवट गुंगीतच. आमच्याकडे गणपतीपुळ्याचे फोटो ढिगाने आहेत. पहिल्या दिवसाच्या फोटोंत आई हसतेय असा एकही नाही.

‘मला कुठेही चालेल’ हा डेटा नाही, मंडळी. घरातल्या ज्या माणसाला स्वतःबद्दल बोलायची सवयच नाही, त्याचा तो नम्र नकार असतो. तो धरून गाडी ठरवणं म्हणजे रीडिंग न घेता जर्नल पूर्ण करणं. (ते आपण करतो, पण आईच्या बाबतीत नको.)

कोणी म्हणेल, आमच्या लहानपणी सुमोत दहाजण जायचो, काही होत नव्हतं. होत होतं, सांगत कोणी नव्हतं. टाटा सुमो १९९४ साली आली, तिचं नाव सुमंत मूळगावकरांच्या नावावरून आणि आडनावावरून घेतलेलं. २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. गाडी दणकट, वादच नाही. पण तिच्या मागच्या भागात समोरासमोर तोंड करून आडवी बाकडी असायची. म्हणजे गाडी पुढे जाणार आणि आपण कुशीवर! तेव्हाची मंडळी त्यावर बसून हसत-खेळत गेली याबद्दल मला आदर आहे. पण आठवणीत सगळेच प्रवास छान असतात. पुढे क्वालिस आली, २००५ मध्ये तिच्या जागी इनोव्हा आली, आणि भाड्याच्या गाडीत लांबचा प्रवास आरामात होऊ शकतो हे आपल्या लोकांना पहिल्यांदा नीट पटलं.

मी इनोव्हाची एजंट नाही. अर्टिगाही चांगली गाडी आहे, फक्त ती सहा प्रवाशांची नाही. चारजण किंवा पाचजण असाल तर तिच्यासारखी गाडी नाही, कारण तिसरी रांग पूर्ण किंवा अर्धी पाडता येते आणि बॅगा तिथे जातात. सहावा माणूस चढला की सगळं बिघडतं, आणि इथे सामानाचा मुद्दा येतो जो एजन्सीवाले कधीच काढत नाहीत. सगळ्या सीटा उभ्या असताना अर्टिगाच्या मागे जागा उरते २०९ लिटर. साध्या डिझायरची डिकी, २०१७ च्या मॉडेलची, ३७८ लिटर. म्हणजे मोठ्या गाडीत माणसं जास्त आणि बॅगा कमी! मोठी ट्रॉली बॅग साधारण ७५ बाय ५० बाय ३० सेंटीमीटर धरा, गुणाकार करा, ११२ लिटर येतात. अशा दोन बॅगासुद्धा २०९ मध्ये बसत नाहीत. आणि गाडी सीएनजीवर असली, जशा भाड्याच्या पुष्कळ असतात, तर मागे सिलिंडरच बसलेला असतो. मग उरलेली बॅग कुठे जाते? तिसऱ्या रांगेत, पायाशी. म्हणजे परत आईच्या पायाशी. म्हणून फोनवर विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. गाडी सीएनजी आहे का, वर कॅरिअर आहे का, आणि पावसाळा असेल तर ताडपत्री आहे का.

आजीचं गणित आणखी निराळं. तिला सीट मऊ आहे का याच्याशी कर्तव्य नाही, सीट किती उंच आहे याच्याशी आहे. सेडानमध्ये खाली वाकून बसावं लागतं आणि उठताना दोघांनी हात द्यावा लागतो. उंच जीपवजा गाडीत चढतानाच दम लागतो. सीट तिच्या कमरेच्या उंचीच्या जवळपास असली की ती नुसती मागे टेकते, पाय आत घेते, आणि स्वारी तयार. एजन्सी गावातच असेल तर आजीला एकदा रिक्षाने नेऊन गाडीत बसवून बघा. लोक हसतील, हसू द्या. साडी घेताना आपण पदर उलगडून बघतोच ना?

‘पण पैसे?’ बरोबर, तिथेच सगळं अडतं. तर हिशोब करू. बाहेरगावच्या भाड्याला दिवसाला किमान किलोमीटर धरलेले असतात, बऱ्याच ठिकाणी ३००, काही ठिकाणी २५०, आणि तेही एजन्सीच्या दारापासून परत दारापर्यंत. तीन दिवसांचे ९०० किलोमीटर धरा. चार रुपयांचा फरक म्हणजे ३६०० रुपये. सहाजणांत माणशी ६००, दिवसाला माणशी २००. एवढ्यात कोकणात मासे-थाळीही येत नाही. ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग हा खर्च दोन्ही गाड्यांना जवळपास तेवढाच. ज्या घरात आंब्याच्या पेटीला मागेपुढे पाहत नाहीत त्या घरात हे २०० रुपये दिसतात, कारण ते वाचतात सगळ्यांचे आणि भरते एकटी मागची सीट. अर्थात ज्यांना ३६०० खरोखरच जड आहेत त्यांना मी काय शिकवणार? त्यांनी अर्टिगाच घ्यावी, पण मग मागे रोज तेच माणूस नको.

परदेशात म्हणे भाड्याच्या गाड्यांना चार अक्षरी कोड असतो. पहिलं अक्षर वर्ग, दुसरं बॉडीचा प्रकार, तिसरं गिअर, चौथं इंधन आणि एसी. वाचून मला जाम कौतुक वाटलं. मग लक्षात आलं की चार अक्षरांत मागच्या सीटसाठी एकही अक्षर नाही. आणि आपल्याकडच्या ‘किंवा तत्सम’ सारखी भानगड तिकडेही आहेच. बुकिंग एका गाडीचं, दारात उभी दुसरी. म्हणून आदल्या दिवशी गाडीचा नंबर आणि मॉडेल मागून घ्यावं. पाटी पिवळी हवी. पांढऱ्या पाटीची कोणाची घरची गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नये, ती भाड्याने द्यायची परवानगीच नसते.

माणसं सातच्या वर गेली की बहुतेक जण टेम्पो ट्रॅव्हलर बघतात. दहा-बाराजण असतील तर ठीक आहे, प्रत्येकाला पुशबॅक सीट मिळते. पण सात-आठजणांसाठी माझं मत दोन डिझायर. ड्रायव्हर दोन, टोल दोनदा, हो. पण तिसरी रांगच नाही! बॅगांना दोन डिक्या. एका गाडीत गाणी, दुसऱ्या गाडीत झोप. अंताक्षरी मोडते एवढीच तक्रार, आणि आमच्या काकांचा आवाज ऐकलेला कोणीही ती तक्रार करणार नाही. ‘बच्चेकंपनी काय, कुठेही मावते’ हा प्रकार तर बंदच करा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, तेव्हा मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं होतं. एका बेल्टमध्ये दोन पोरं बसत नाहीत, आणि मांडीवरच्या पोराला तर बेल्टच नाही.

यंदा आमचं ठरतंय. पुणे, उंब्रज, पाटण, मग घाट. बाबांचं चालू आहे, "अगं, सात-आठ तासांचा तर प्रश्न आहे." इनोव्हा मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर मी एक प्रस्ताव ठेवलाय. हायवेवर कोणीही कुठेही बसा, पण घाट सुरू व्हायच्या आधी कोयनानगरला चहाला थांबायचं आणि तिथे सीटा बदलायच्या. आई पुढे, ड्रायव्हरशेजारी, समोर रस्ता दिसेल अशी. बाबा मागे, माझ्या शेजारी. त्यांची उंची पाच फूट अकरा इंच आहे.