पहिल्या गिअरच्या पुढचे पैसे

हजार सीसीची सुपरबाइक पहिल्याच गिअरमध्ये ताशी सव्वाशे किलोमीटरचा टप्पा सहज ओलांडते. पुढचे पाच गिअर अजून शिल्लक असतात. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर दुचाकीची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, शहरात ६०. म्हणजे कायदा पाळून चालवणाऱ्याला या गाडीचा पहिला गिअरही पूर्ण वापरता येत नाही. पंधरा-वीस लाख मोजावेत की नाही, याचा विचार इथून सुरू व्हायला हवा. बहुतेकांचा तो हप्ता बसतो का, इथून सुरू होतो.

प्रश्न उद्योगपतींच्या मुलांचा नाही. त्यांच्या गॅरेजमध्ये चार गाड्या उभ्या असतात, पाचवी आली तरी घरखर्च हलत नाही. प्रश्न आहे तो पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात बऱ्या पगारावर काम करणाऱ्या तिशीतल्या तरुणाचा. २००४ साली ‘धूम’ चित्रपट पाहिला तेव्हा तो शाळेत होता आणि त्यातल्या हायाबुसा या सुपरबाइकचे चित्र त्याच्या वहीच्या पुठ्ठ्यावर होते. हीच हायाबुसा २०२१ मध्ये नव्या रूपात भारतात आली, तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत १६ लाख ४० हजार रुपये होती. सोळा लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता ३४ हजारांच्या घरात जातो आणि फेड संपेपर्यंत वीस लाखांहून अधिक रक्कम भरलेली असते. आरटीओचा कर, विमा, टायर आणि सर्व्हिसिंग वेगळे. मागचा रुंद, मऊ रबराचा टायर साध्या मोटारसायकलच्या टायरइतका टिकत नाही, आणि नवी जोडी घ्यायची तर त्या पैशांत जुनी स्कूटर येते.

इतके करून गाडी न्यायची कुठे? महाराष्ट्रातले रुंद, अखंड, वेगासाठी बांधलेले रस्ते एकेक करून आठवून पाहावेत. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. वांद्रे–वरळी सागरी सेतूवर बंदी. किनारी रस्त्यावर बंदी. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर बंदी. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. तिथेही दुचाकीला प्रवेश नाही. उरतो तो पुणे–सातारा–कोल्हापूरचा महामार्ग. त्यावर उसाच्या ट्रॉल्या आहेत, चुकीच्या बाजूने येणाऱ्या दुचाक्या आहेत, गावोगावी दुभाजक तोडून केलेल्या वाटा आहेत. तिथे ताशी दोनशेने जाणारा माणूस स्वतःच्याच नव्हे, रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीच्या जिवाशीही खेळत असतो.

महामार्ग नको, घाट आहेत, असे म्हणणारे भेटतात. ताम्हिणी, आंबोली, आंबा, वरंधा हे सह्याद्रीतले घाट दुचाकीस्वाराला मिळालेले खरे वैभव आहे, यात शंका नाही. पण त्यांची वळणे तीस-चाळीसच्या वेगाची. पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ आणि दरडीची लाल माती, उन्हाळ्यात कडेची सुटी खडी. हायाबुसाचे वजन २६६ किलो आणि जमिनीपासूनचे अंतर १२५ मिलिमीटर. आपल्याकडच्या गतिरोधकांना ना उंचीचे प्रमाण असते ना पांढरे पट्टे, त्यामुळे अशा गाडीचे पोट घासण्याची धास्ती प्रत्येक गावाच्या वेशीवर. हँडल खाली, पाय मागे, सगळा भार मनगटांवर. आखीव ट्रॅकवर ही बैठक अगदी अचूक असते. कात्रज ओलांडेपर्यंत त्याच बैठकीने हात भरून येतात.

शहरातल्या कोंडीत उष्णता हा वेगळाच छळ असतो. डुकाटीने पानिगाले व्ही४ मध्ये गाडी उभी असताना मागचे दोन सिलिंडर आपोआप बंद पडण्याची सोय केली आहे, ती याच कारणासाठी: चालवणाऱ्याच्या मांड्या भाजू नयेत. २०२५ मध्ये भारतात आलेल्या तिच्या नव्या आवृत्तीची तेव्हाची किंमत २९ लाख ९९ हजार रुपये, शक्ती दोनशे पीएसच्या वर. शेजारी सिग्नलला थांबलेल्या मारुती स्विफ्टची शक्ती ८२ पीएस असते आणि ती पाच माणसांना घरी पोचवते.

या यंत्रांची थोरवी मात्र कुणी नाकारू नये. गाडी किती कलली आहे हे क्षणोक्षणी मोजून त्यानुसार ब्रेक आणि इंजिनाची ताकद आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मानवी कौशल्याचा अस्सल नमुना आहे. चांगल्या हातात ही गाडी कशी वळते, हे ज्याने ट्रॅकवर पाहिले आहे, तो ते विसरत नाही. अशी गाडी घेणारा मूर्ख असतो, असे म्हणणेही अन्यायाचे. आवड ही माणसाच्या जगण्यातली मोठी गोष्ट आहे आणि तिच्यावर पैसे खर्च करण्यात काहीच गैर नाही. मात्र ज्या गोष्टीसाठी पैसे मोजले, ती वापरायला मिळाली पाहिजे. सुपरबाइकची किंमत असते तिच्या शेवटच्या दोन-तृतीयांश ताकदीची, आणि साध्या चालकाला नेमकी तीच इथल्या रस्त्यावर कधी हाती लागत नाही. जी एक-तृतीयांश लागते, ती कितीतरी कमी पैशांत मिळते.

तेवढ्या ताकदीची गाडी बनते आपल्या चाकणमध्येच. बजाजच्या कारखान्यातून केटीएमची ३९० ड्यूक जगभर जाते. जुलै २०२३ मध्ये तिथेच तयार झालेली ट्रायम्फची स्पीड ४०० बाजारात आली; ४० पीएस, किंमत २ लाख ३३ हजार. त्याच महिन्यात हार्ले-डेव्हिडसनने हीरोच्या साथीने एक्स४४० आणली, २ लाख २९ हजारांपासून. २०२० मध्ये भारतातले उत्पादन गुंडाळणाऱ्या या कंपनीला परत येण्याची वाट सापडली ती परवडणाऱ्या गाडीतून, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० तर २०१८ मध्ये अडीच लाखांत आली. दोन सिलिंडर, ४७ पीएस, जमिनीपासून १७४ मिलिमीटर उंच. हायाबुसाची ताकद तिच्या चौपट, किंमत साडेसहापट. इंटरसेप्टरवर कोल्हापूरहून आंबोली उतरून सावंतवाडीला जाणारा माणूस सगळे गिअर वापरतो, मागे बायकोला किंवा मित्राला बसवू शकतो, आणि चिखलात गाडी आडवी झाली तर एका गावकऱ्याच्या मदतीने उभीही करतो.

विकताना काय होते, तेही पाहावे. होंडाची सीबीआर१०००आरआर-आर फायरब्लेड २०२० मध्ये भारतात सुमारे ३३ लाखांना मिळत होती. २०२२ च्या सुरुवातीला कंपनीने किंमत जवळजवळ दहा लाखांनी उतरवली. ज्यांनी आधी घेतली होती, त्यांच्या गाडीचे मोल एका सकाळीत तेवढे घसरले. आयात शुल्क आणि कर बदलले की किमती हलतात, आणि ते बदलतच असतात. २०२५ च्या फेब्रुवारीतल्या अर्थसंकल्पाने १६०० सीसीपर्यंतच्या तयार आयात मोटारसायकलींवरचे शुल्क ५० वरून ४० टक्के केले. त्याच वर्षी सप्टेंबरात ३५० सीसीवरच्या गाड्यांचा जीएसटी उपकरासह ३१ टक्के होता, तो ४० वर गेला.

या कररचनेबद्दल स्पष्ट बोलायला हवे. चाळीस पीएसची चाकणची गाडी आणि दोनशे पीएसची इटालियन गाडी सरकारने एकाच पंक्तीला बसवल्या. जिथे रेष ओढायला नको होती तिथे ओढली, आणि जिथे ओढायला हवी तिथे कुणी लक्ष दिलेले नाही. ती जागा म्हणजे परवाना. आपल्याकडे अठराव्या वर्षी शंभर सीसीच्या गाडीवर आरटीओत इंग्रजी आठ काढून दाखवला, की दुसऱ्या दिवशी हायाबुसा चालवायला कायद्याची आडकाठी नाही. युरोपात २०१३ पासून मधल्या टप्प्याचा परवाना ३५ किलोवॅटपर्यंतच, म्हणजे साधारण ४७ अश्वशक्तीपर्यंतच्या गाड्यांना चालतो. त्यावर दोन वर्षे काढल्यावर पुढचा. जपानमध्ये ४०० सीसीच्या वर स्वतंत्र परवाना लागतो. आपल्या देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली, त्यांतली ७४ हजार ८९७ दुचाकीवरची. यांतले बहुतेक साध्या गाड्यांवर होते, सुपरबाइकवर नव्हे. पण एकूण मृत्यूंपैकी ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यावर आहेत. अशा देशात सर्वांत वेगवान यंत्र कुठल्याही पायरीविना हाती देणे बेजबाबदारपणाचे आहे.

वेगाची ओढ खरीच असेल, तर तिला जागा आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचा करी स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट, जिथे सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपीची शर्यत झाली. कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलची शिबिरे चेन्नईच्या ट्रॅकवर झाली आहेत. ज्या राज्यात केटीएम आणि ट्रायम्फ बनतात, त्या महाराष्ट्रात या तोडीचा एकही ट्रॅक नसावा, ही चाकणच्या उद्योगाने आणि राज्य सरकारने मिळून भरून काढायची उणीव आहे. तोवर तिशीतल्या त्या तरुणाने सोळा लाखांऐवजी साडेतीन लाखांची गाडी घ्यावी, उत्तम हेल्मेट, जॅकेट, हातमोजे आणि बूट यांवर हात न आखडता खर्च करावा, आणि ट्रॅकवरच्या प्रशिक्षणासाठी चेन्नईचे तिकीट काढावे. तिथून शिकून आल्यावरही हायाबुसाच हवीशी वाटली, तर तेव्हा घ्यावी.